इंधनाचा काटा : मीटर बदलण्याआधी टाकीचं अर्थिंग बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरला की रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. टाकी फुल केली तरी काटा पाऊणच्या वर जात नाही, किंवा जातो आणि ब्रेक दाबला की खाली बसतो. गाडी बहुधा पंधरा-वीस वर्षांची असते आणि उपायही ठरलेला असतो : मीटर बदला. मग भंगारातल्या गाडीचा मीटर आणून डॅशबोर्डात बसवतात, आणि काटा पुन्हा तिथल्या तिथे. आमच्या मते किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीत मीटरला हात सगळ्यात शेवटी लावावा. आधी टाकीचं अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट), मग मधली वायर, मग फ्लोट (टाकीतल्या तेलावर तरंगणारा डबा).

असं का, ते समजून घ्यायला फार वीजशास्त्र लागत नाही. टाकीत एका दांडीवर फ्लोट असतो. तो वरखाली झाला की दांडीचं दुसरं टोक एका बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकतं आणि रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) बदलतो. फ्लोट, दांडी आणि गुंडाळी मिळून जो संच होतो त्याला सेंडर म्हणतात. मीटरकडून आलेली वायर या गुंडाळीतून जाऊन टाकीच्या पत्र्यावाटे चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला), म्हणजे अर्थला मिळते. मारुती ८०० किंवा ऑम्नीच्या पद्धतीत रिकाम्या टाकीवर साधारण शे-सव्वाशे ओहम, अर्ध्यावर तिसाच्या आसपास आणि भरलेल्या टाकीवर जेमतेम दोन-चार ओहम मिळतात. आता टाकीच्या बोल्टखाली गंजाचे दहा ओहम साचले असं धरा. रिकाम्या टाकीच्या शंभरात ते दहा कुठच्या कुठे विरतात. भरलेल्या टाकीच्या तिनात मात्र ते मिसळले की तेरा होतात, आणि काटा फुलवरून घसरतो. म्हणून ‘रिकामं बरोबर दाखवतो, फुल कधीच दाखवत नाही’ अशी तक्रार असेल तर निम्मं निदान तिथेच झालं. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं असेल तर काटा सगळीकडेच कमी दाखवतो आणि बऱ्याचदा तळालाच पडून राहतो.

काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय धर्तीच्या मीटरमध्ये, हिशेब उलटा असतो : रिकामी टाकी १० ओहम, भरलेली १८०. तिथे गंज जास्त धोक्याचा, कारण टाकी कोरडी पडत आली तरी काटा तेल असल्याचं दाखवत राहतो. आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते मॅन्युअलमध्ये पाहून ठेवावं.

खाऱ्या वाऱ्यात तांब्याच्या वायरीवर हिरवा कळंक चढतो. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकावं तशीच ही गोष्ट. मिरकरवाडा, हर्णै, सर्जेकोट अशा बंदरांवरून मासळी उचलणाऱ्या टेम्पोंची अवस्था तर आणखी वाईट. क्रेटमधलं बर्फाचं खारट पाणी फळ्यांच्या फटींतून थेट चासीवर आणि कनेक्टरवर ठिबकत असतं. त्यात पावसाळ्याआधी गंजरोधक कोटिंग मारायची पद्धत आहे. कोटिंग चांगलंच, पण टाकी उतरवून पट्ट्या आणि बोल्ट यांच्या बैठकीवरही ते फासलं, की टाकी आणि चासी यांच्यामध्ये रबरासारखा थर बसतो आणि अर्थ तुटतं. टाकीच्या पट्ट्यांखाली मुळातच रबर असतं, हेही लक्षात घ्यावं.

तपासणी सपाट जागेवर करावी. आंबा किंवा फोंडा घाटात काटा डुलतो तो दोष नव्हे, टाकीतलं तेलच एका बाजूला कलंडलेलं असतं. चावी ऑन करून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन टाकीवरच्या सेंडरच्या पत्र्यावर. आकडा ०.१ व्होल्टच्या खाली हवा. मग हेडलाइट लावा, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. आकडा उसळला तर मागच्या दिव्यांचा करंट आणि सेंडरचा करंट एकाच कुजक्या अर्थवरून परत जातोय.

याचा उपाय शंभर-दीडशे रुपयांच्या आतला आहे. सेंडरच्या एखाद्या स्क्रूपासून चासीपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची स्वतंत्र काळी वायर टाकावी. दोन्ही टोकांना रिंग टर्मिनल दाबून बसवावं, चासीची जागा चकाकेपर्यंत घासावी, दातेरी वॉशर घालून आवळावं. ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचं ते आवळून झाल्यावर, वरून. आधी फासून मग आवळलं तर आतल्या आत इन्सुलेशनच होतं, आणि ही चूक सर्रास दिसते.

अर्थ ठीक असेल तर मीटर न काढता त्याची आणि मधल्या वायरीची परीक्षा. सेंडरची वायर काढून ती थेट चासीला टेकवायची सवय अनेकांना आहे. टेकवू नये. गरम होऊन वाकणाऱ्या पट्टीच्या जुन्या मीटरला पूर्ण करंट फार वेळ मिळाला तर तो जळतो. डॅशबोर्डातला १२ व्होल्ट, ३.४ वॅटचा छोटा बल्ब मध्ये घालून वायर चासीला जोडावी. बल्ब पेटला आणि काही सेकंदांनी काटा हलला, तर मीटर आणि मधली वायर दोन्ही शाबूत आहेत. बल्ब पेटलाच नाही तर फ्यूज पाहावा, मग वायर. हे काम टाकीच्या उघड्या तोंडाशी मुळीच करू नये, वायरीच्या मधल्या कनेक्टरवर करावं.

मारुतीच्या पद्धतीत काटा कायम फुलवर चिकटला असेल तर वायर कुठेतरी सोलून पत्र्याला लागली आहे. चाकरमान्यांच्या गावी पडवीत महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाड्यांत हे काम उंदरांचं. इंधनाचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवायला लागले, तर ज्या जुन्या गाड्यांत मीटरमागे १२ व्होल्टचे सरासरी १० करणारी स्टॅबिलायझरची डबी असते, त्या डबीचं अर्थ गेलेलं असतं. जुन्या डबीवर मल्टिमीटरचा आकडा उड्या मारतो, तो तसाच मारायला हवा. स्थिर १२ दिसले तर दोष सापडला.

आता फ्लोट. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, काहींत टाकीच उतरवावी लागते. टाकी पाव भागापेक्षा कमी असताना, उघड्यावर, बॅटरीचं निगेटिव्ह काढून हे काम करावं. जवळ बिडी नको, हातबत्तीचा बल्ब नको. सेंडर टाकीवर धरून ठेवणारी लॉकची रिंग लोखंडी छिन्नीने ठोकू नये, ठिणगी उडते. पितळी दांडा किंवा लाकडी ठोकळा वापरावा. सेंडरभोवतालची लाल माती आधी पुसून घ्यावी, नाहीतर ती सगळी टाकीत जाते.

सेंडर बाहेर काढल्यावर पहिलं काम, तो पुठ्ठ्यावर आडवा ठेवून दांडीचा आकार पेन्सिलीने गिरवून घ्यावा. दांडी अर्धा सेंटिमीटर वाकली तरी काटा कायमचा चुकतो आणि मग मूळ वळण कुणालाच आठवत नाही. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत खळखळ ऐकू आली तर तो बुडतोय. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात. त्याला डाग देण्याच्या भानगडीत पडू नये. आत पेट्रोलचा अंश राहिलेला असला तर डाग देताना फुटतो, आणि निभावलं तरी कथलाच्या वजनाने फ्लोट खाली बसतो. नवा घालावा.

मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही पिना एकमेकींना टेकवाव्यात, जो आकडा येईल तो पुढे वजा करायचा. दांडी खालून वर अगदी सावकाश फिरवावी. आकडा सलग उतरला पाहिजे (युरोपीय धर्तीच्या सेंडरमध्ये सलग चढला पाहिजे). मध्येच गायब झाला तर तिथे तार तुटली आहे. बहुतेक वेळा ती पाव ते अर्ध्याच्या दरम्यान तुटते, कारण बरेच जण टाकी त्याच पट्ट्यात ठेवून गाडी चालवतात. गुंडाळीवर पॉलिश पेपर मारू नये, ती तार केसाएवढी असते. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ फडकं पुरे. पेट्रोल गाड्यांसाठी आणखी एक : पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. जून ते सप्टेंबर अर्ध्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या गाडीचा सेंडर त्यामुळे लवकर काळवंडतो.

नवा सेंडर घेताना दुकानातच दोन्ही टोकांचे ओहम मोजावेत, पैसे मग द्यावेत. २४० ते ३३ ओहमचा सेंडर मारुतीच्या मीटरला जोडला तर काटा जन्मात बरोबर येणार नाही, तो कितीही हुबेहूब बसला तरी. गॅस्केट नवं घालावं. त्याऐवजी साधं सिलिकॉन लावलं तर ते पेट्रोलमध्ये फुगून सुटतं. शेवटी मापाच्या कॅनने भरून बघावं : मारुती ८०० ची टाकी २८ लिटरची, म्हणजे सात लिटरला काटा पावावर, चौदाला अर्ध्यावर यायला हवा.

हे सगळं होईपर्यंत टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि किलोमीटरवर विश्वास ठेवावा. डिझेल गाडी कोरडी पडली तर नुसतं डिझेल ओतून सेल्फ मारत बसू नये. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप बुडबुडे थांबेपर्यंत दाबावा, सलग डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळावा. टाकीतच पंप असलेल्या पेट्रोल गाड्यांत पंपाला थंडावा पेट्रोलचाच, त्यामुळे रिझर्व्हवर गाडी रेटण्याची सवय तिथे महाग पडते.

गॅरेजवाल्या बांधवांना एक विनंती. सेंडर तपासला की रिकाम्या आणि भरलेल्या स्थितीतले दोन आकडे बिलावर लिहून द्या. पुढच्या पावसाळ्यानंतर गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली तरी तिथल्या माणसाला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

आपले,
जुन्या गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे काही कारागीर,
रत्नागिरी