गावभागातलं घर आणि टाकीची शिडी

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर भाड्याचा विषय निघाला की बाबा तुम्ही चिडता आणि मग खरं बोलायचं तेच राहतं, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव त्यांना.

पहिली गोष्ट म्हणजे बाबा, तुम्ही टाकी धुवायला गच्चीवर चढायचं आता बंद. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ येतं, टाकीच्या तळाला गाळ बसतो, दर सहा महिन्यांनी टाकी धुवायलाच हवी हे तुमचं अगदी बरोबर आहे आणि सगळ्या गल्लीत ते तुम्हीच न चुकता करत आलात. पण ती लोखंडी शिडी आणि तुमचे गुडघे, मला इथे पुण्यात झोप लागत नाही. माणूस लावू, तो पाणी काढून घासेल, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून धुवेल, तुम्ही खाली खुर्चीत बसून सूचना द्या. आणि टाकीचं झाकण तुटलंय ते नवीन घ्यायचंच, उघड्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतो आणि खालच्या बिऱ्हाडात लहान बाळ आहे.

आता गावभागातलं घर. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं होतं, तेव्हा खालच्या खोल्यांचं काय झालं ते तुम्ही दोघांनी स्वतःच्या हातांनी चिखल काढून बघितलंय, मी काय सांगणार. पण तेव्हापासून त्या भिंतींना लोणा लागतोय आणि आपण दर दिवाळीला वरून डिस्टेंपर मारतोय. बाबा, ओल्या भिंतीवर मारलेला रंग टिकत नाही हो, चार महिन्यात पापुद्रे सुटतात, भाडेकरूच्या कपाटाला बुरशी येते आणि मग ते आपल्याला सांगायचं पण सोडून देतात. आधी ओल कुठून येतेय ते शोधायला लागेल, माझा संशय बाथरूमच्या नहाणी ट्रॅपवर (जमिनीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं) आहे कारण मागची भिंत उन्हाळ्यात पण ओली असते. ते दुरुस्त करून, खराब प्लास्टर खरवडून काढून, भिंत पूर्ण वाळू देऊन मगच नवीन प्लास्टर आणि रंग. उन्हाळ्यात करू. त्याच वेळी प्लगचे बोर्ड पण वर घेऊन टाकू, कंबरेइतक्या उंचीवर आहेत ते, नदीकाठच्या घरात असे नकोतच. आणि गिझरच्या लाईनला ईएलसीबी (करंट गळला की लाईट आपोआप तोडणारा स्विच) नाहीये, तो सगळ्यात आधी, त्यासाठी उन्हाळ्याची पण वाट बघायची नाही.

पैशाचं म्हणाल तर मी असं म्हणते की वर्षातलं एका महिन्याचं भाडं आपलं नाहीच, ते घराचं, वेगळ्या खात्यात टाकायचं. तुमच्या पेन्शनला त्या भाड्याचा आधार आहे हे मला माहितीये, म्हणून यावर्षीच्या प्लास्टरचे मी देते, वाद नको.

विश्रामबागच्या फ्लॅटमधली कॉलेजची मुलं मे महिन्यात जातील. यावेळी लगेच दुसऱ्या दिवशी नवीन लोक आत नकोत, मध्ये आठवडाभर रिकामा ठेवू. ट्रॉल्या बाहेर काढून किचन ओट्याखाली धुणं, झुरळांचं पेस्ट कंट्रोल, संडास-बाथरूमच्या टाइल्सचे जॉइंट व्हाईट सिमेंटने भरणं, खिडक्यांच्या जाळ्या, गॅसची रबरी नळी बदलणं (पाच वर्षांच्या वर ती वापरायची नसते). माणसाने पहिल्या दिवशी स्वच्छ घर बघितलं की तो ते तसं ठेवायला बघतो, हे मी स्वतः इतकी वर्षं भाड्याने राहून सांगतेय. नवीन लोक आले की सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढायचा, मीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या, आणि जुन्यांचं महावितरणचं बिल भरलंय का ते ग्राहक क्रमांकावरून मी इथून बघते.

डिपॉझिट मात्र चावी हातात आली की त्याच दिवशी परत. खरंच काही तुटलं असेल तर बिल दाखवून कापा, पण राहून राहून भिंत मळते त्याचा रंग त्यांच्या माथी मारायचा नाही. ती पण कुणाची तरी मुलं आहेत, घरून पैसे मागवून राहतात.

आणि बाबा, कागद. "ओळखीचे आहेत, नोटरी पुरे" हे चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, लेखी आणि रजिस्टर केलेलं लागतं आणि ती जबाबदारी घरमालकाची, नाहीतर दंड पाच हजारापर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. शिवाय वाद झाला तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. खर्च काही फार नाही, सात हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, अकरा महिने धरले तर स्टॅम्प ड्युटी दोनशेच्या आसपास आणि नोंदणी फी हजार. आधार आणि अंगठा लावून घरबसल्या ऑनलाईन होतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती पण त्याच वेळी देऊन टाकू.

आई, तुला एकच. ती मुलं राहतात तोवर फ्लॅटची आपल्याकडची चावी वापरून आत जाऊ नकोस गं, आधी फोन कर. तुझी काळजी मला कळते, पण पैसे दिलेत म्हणजे ते आता त्यांचं घर आहे. आणि नवीन भाडेकरू निवडताना कोण घरात काय शिजवतं ते विचारू नकोस, मागचं घर कसं ठेवलं होतं ते विचार.

मी पुढच्या शनिवारी येतेय. प्लंबरला सकाळी दहाला गावभागात बोलावलंय, खालच्या ताईंना तेवढं आधी सांगून ठेवा म्हणजे त्या बाथरूम मोकळं ठेवतील. टाकीचं झाकण मी येताना घेऊन येते, तोंडाचं माप खालच्या मुलाला घ्यायला सांगा, तुम्ही चढू नका.

तुमची,
मनू