अर्धाच संगीतकार छापलात!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन संगीतकार ओमर थॉमस यांच्यावरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात कॉन्सर्ट बँडला (म्हणजे मंचावर बसून वाजवणाऱ्या, फुंकवाद्यं आणि तालवाद्यांच्या बँडला) अर्धं पान, तेही लग्नसराई नसताना! आधी त्याबद्दल मनापासून अभिनंदन. आता तक्रार.

‘ऑफ अवर न्यू डे बिगन’ या त्यांच्या रचनेवर तुमच्या लेखकाने जीव ओतलाय. जून २०१५मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटनला कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गोळ्या घालून मारलेली नऊ माणसं, ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ या कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रगीतासारख्या गाण्याची सुरावट, वादकांनी पाय आपटणं, टाळ्या वाजवणं, सगळं आलं. आणि ‘अ मदर ऑफ अ रेव्होल्यूशन!’च्या वाट्याला काय? ‘थॉमस यांनी डिस्कोच्या ठेक्यावरही एक चटपटीत रचना केली आहे.’ संपलं. चटपटीत म्हणे! भेळ आहे का ती?

ती रचना मार्शा पी. जॉन्सनसाठी आहे. १९६९मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या समलिंगी मंडळींच्या बारवर पोलिसांनी धाड घातली, त्याविरुद्ध झालेल्या उठावातलं हे नाव, कृष्णवर्णीय आणि पारलिंगी. (तिने पहिला दगड मारला ही दंतकथा लेखात नाही, एवढं मात्र बरं केलंत. आपण पोचलो तेव्हा दंगल आधीच सुरू झाली होती, असं तिनेच सांगून ठेवलंय.) १९९२मध्ये हडसन नदीत तिचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवलं आणि २०१२मध्ये ते पुन्हा उघडावं लागलं. तुम्ही तर उघडलंच नाहीत. ज्या ‘कॅलिफोर्नियातील एका हौशी बँड’ने ही रचना मागून घेतली, तो पाम स्प्रिंग्जचा डेझर्ट विंड्स फ्रीडम बँड एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, पारलिंगी वगैरे मंडळींचा आहे. १९७८मध्ये जॉन सिम्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोत असा पहिला बँड उभा केला, तेव्हापासूनची ही परंपरा. थॉमस स्वतः क्वीअर आहेत आणि ते लपवत नाहीत. मग लपवायची घाई आपल्यालाच का?

सोमवारी तुमच्या कार्यालयात फोन केला. पलीकडचा मुलगा सौजन्याने म्हणाला, ‘काका, पेपर घरात लहान मुलंही वाचतात हो.’ अहो, लहान मुलंच वाजवतात ते! माझी नात न्यू जर्सीत शाळेच्या बँडमध्ये बेस क्लॅरिनेट वाजवते. गेल्या वर्षी लेकीकडे गेलो होतो, तेव्हा त्यांच्या वसंतातल्या कार्यक्रमात हीच रचना होती. हातात दिलेल्या पत्रिकेत लिहिलं होतं, ‘१९६९ साली न्यूयॉर्कमध्ये घडलेल्या एका घटनेवर आधारित.’ एका घटनेवर! मार्शाचा जन्म त्याच न्यू जर्सीतल्या एलिझाबेथचा, आणि तिचं नाव त्या कागदावर नाही. कोणा पालकाला आवडलं नसतं म्हणे.

नाव गाळल्यावर वाजवण्याचं काय होतं, ते मी त्या दिवशी कानांनी ऐकलं. माझी नोकरी मिलिटरी बँडमध्ये गेली, पचमढीच्या लष्करी संगीतशाळेत शिकलो, त्यामुळे एवढं सांगायचा अधिकार आहे. मार्चमध्ये बेस ड्रम पावलाबरोबर पडतो. डिस्कोतही तो प्रत्येक मात्रेवरच पडतो. फरक झांजेत असतो. दोन मात्रांच्या मध्ये हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडमीट करायची झांजांची जोडी, उघडते, ‘त्स्स’ करते, आणि तिथे माणूस कमरेतून हलतो. पोरांनी सूर चोख लावले, पण हाय-हॅट घट्ट मिटलेली आणि ब्रास छाती काढून, डावा-उजवा, डावा-उजवा! दुसरं काय होणार? हा ठेका कुठला, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. थॉमस यांनी स्वतः लिहून ठेवलंय की उत्तरार्धातला डिस्को क्लबच्या संस्कृतीला मान देण्यासाठी आहे. बाहेर जीवावर उठलेलं जग आणि आत प्रेम करायला, रडायला, नाचायला मिळालेली जागा. घरी येताना गाडीत नातीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘आजोबा, हे मला माहीत होतं. आमच्या सरांनाच बोलायचं नव्हतं.’

चर्चमधली माणसं मेली की डोळे पुसायचे आणि क्लबमधल्यांचा विषय निघाला की घसा खाकरायचा, असं कसं चालेल? दोन्ही रचना एकाच माणसाच्या. २०१९मध्ये बँडसाठीच्या रचनांना दिला जाणारा रेव्हेली पुरस्कार मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय संगीतकार, हे तुम्ही ठळक अक्षरात छापलंत, छानच. त्याच वर्षी स्टोनवॉलला पन्नास वर्षं झाली आणि ही दुसरी रचना आली, हे तिथेच एका ओळीत मावलं असतं. जागा नव्हती म्हणावं, तर शेजारी ‘पावसाळ्यात केसांची निगा’ तीन कॉलम पसरलीय.

जागेवरून आठवलं. मागे मी पोलीस बँडच्या रिक्त जागांवर पत्र पाठवलं होतं. ते छापलंत, पण शेवटचा परिच्छेद उडवलात. मुद्दा नेमका त्याच परिच्छेदात होता. या वेळी कात्री लावायचीच असेल, तर केसांच्या निगेचं वाक्य काढा, बाकीचं राहू द्या.

आपला,
एक निवृत्त बँड्समन, सातारा

ता. क. : लेखासोबत लग्नाच्या बँडचा फोटो का टाकलात, ते विचारत नाही. ती मंडळी मेहनती आहेत. पण खाली ‘ट्रम्पेटवादक’ लिहिलंय आणि त्या गृहस्थांच्या मांडीवर युफोनियम, ट्रम्पेटहून कितीतरी मोठं वाद्य, आहे.