तालमी शाळेच्या वेळेतच घ्या

संपादक महोदय,

शाळांच्या वार्षिक अहवालांत बक्षिसे घेणाऱ्यांचेच फोटो असतात. ग्रामीण हायस्कूलची खरी गंमत मात्र त्या फोटोंत मावत नाही. पटसंख्या कमी, त्यामुळे सकाळी रिले धावलेली मुलगी दुपारी नाटकात राजा होते आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्याही तीच उचलते. यात हौस कमी, गरज जास्त. पण त्यातूनच लाजरीबुजरी मुले माईकपर्यंत पोहोचतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या हायस्कूलांचा अभ्यास रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. मोठ्या शाळांत उपक्रम अधिक असले, तरी जबाबदारीची कामे लहान शाळांतील विद्यार्थ्यांच्या वाट्याला जास्त येतात, असे त्यांना आढळले. लहान शाळांना ऊठसूट नावे ठेवणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, सहल, स्नेहसंमेलन असे सगळे एकाच सत्रात दाटीवाटीने, आणि तालमी शाळा सुटल्यावर. लांबून येणाऱ्यांची बस तोवर निघून गेलेली असते. मग नाटकात कोण असणार हे अंगच्या गुणांवर नव्हे, घराच्या अंतरावर ठरते. मुलींची नावे तर आधीच गळतात. तालमींसाठी आठवड्याला दोन तासिका राखून ठेवाव्यात. अभ्यास बुडतो अशी ओरड होईल, होऊ द्या! आणि अहवालात पडदा ओढणाऱ्यांचीही नावे छापावीत.

– एक माजी शिक्षक