बालेवाडीचा संघ आणि सहा महिन्यांची नोटीस

महोदय,

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतील हैदराबाद एफसी हा संघ २०२५ मध्ये दिल्लीला हलला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने ओळखला जाऊ लागला. या बातमीची पुण्यात फारशी चर्चा झाली नाही आणि त्यात नवलही नाही. परंतु लीगमधली ती जागा मुळात पुण्याची होती, हे ज्यांनी पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सामने पाहिले आहेत ते विसरलेले नसतील. एफसी पुणे सिटी २०१४ पासून पाच हंगाम खेळून २०१९ मध्ये बंद झाला, त्याच्या जागी हैदराबादचा संघ उभा राहिला आणि आता तीच जागा दिल्लीच्या वाट्याला आली. त्याच दिल्लीचा जुना संघ, दिल्ली डायनामोज, २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेकरूने सामान हलवावे, तसे हे संघ शहरे बदलत आहेत.

अशा वेळी ‘संघ हरत होता, लोक येत नव्हते, म्हणून गेला’ असे सर्रास म्हटले जाते. हे विधान वरवर पटण्यासारखे असले तरी तपासून पाहिल्यास टिकत नाही, असे माझे मत आहे. आणि ते का टिकत नाही हे लक्षात घेतले, तर आपल्या राज्याच्या क्रीडा खात्याला यात काय करता येईल हेही दिसू लागते.

पुणे सिटीपासूनच सुरुवात करतो. पहिल्याच हंगामात फ्रान्सच्या विश्वविजेत्या चमूतला डेव्हिड त्रेझेगे पुण्याकडून खेळला, पण पहिले तीन हंगाम यथातथाच गेले. २०१७-१८ मध्ये मात्र मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो या जोडीने रंगत आणली, संघ गुणतालिकेत चौथा आला आणि प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. बंगळूरुविरुद्धचा पहिला सामना मार्चमध्ये बालेवाडीत झाला. मी माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो. ती तेव्हा चौथीत होती. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. परतताना महामार्गाच्या सेवा रस्त्यावर जी कोंडी झाली, तीत आमची स्कूटर पाऊण तास अडकली. शेजारच्या टेम्पोतली मुले नारिंगी जर्सी घालून ताशा बडवत होती आणि गोलशून्य सामन्यानंतर एवढे काय साजरे करता, असे विचारणाऱ्या एका मोटारवाल्याला त्यांनी ‘काका, अजून हरलो कुठे?’ असे उत्तर दिले. चारच दिवसांनी बंगळूरुला सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि आम्ही ३-१ असे हरलो. त्या पराभवामुळे कुणी जर्सी टाकून दिली, असे माझ्या पाहण्यात नाही.

पुढच्या हंगामात संघ दहांत सातवा आला. सातवा क्रमांक काही मिरवण्यासारखा नसला तरी गाव सोडून जाण्यासारखाही नसतो. संघ बंद झाला तो मालकांच्या आर्थिक अडचणींमुळे. पुण्याला हा अनुभव नवा नव्हता. आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये २०१२-१३ साली उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी भारत एफसी एकच हंगाम खेळून संपला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर राहिला नाही. आणि २०१९ मध्ये पुणे सिटीही गेला. चार-पाच वर्षांत चार संघ. यांपैकी एकही संघ प्रेक्षकांनी पाठ फिरवल्यामुळे बंद पडला, असे म्हणता येणार नाही, कारण प्रेक्षकांना पाठ फिरवण्याएवढी उसंतच कुणी दिली नाही.

२०१९ च्या डिसेंबरमधला एक सामना मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. भुवनेश्वरचे कलिंग स्टेडियम तेव्हा उपलब्ध नसल्याने ओडिशा एफसीचे सुरुवातीचे ‘घरचे’ सामने पुण्यात, बालेवाडीलाच, ठेवले गेले होते आणि त्यांतल्या एका सामन्यात पाहुणा संघ होता हैदराबाद एफसी. म्हणजे दिल्लीहून भुवनेश्वरला गेलेला संघ पुण्यात यजमान म्हणून उतरला आणि पुण्याच्या जागेवर उभा राहिलेला संघ पुण्यातच पाहुणा म्हणून आला. मार्सेलिन्हो, आदिल खान, निखिल पुजारी असे आमचे कालपरवाचे खेळाडू आता पाहुण्यांच्या संघाचे झाले होते. मुलीने मला विचारले, ‘बाबा, आज आपण कुणाकडून?’ मला उत्तर देता आले नाही. ओडिशा ३-२ असा जिंकला. गोल पाच झाले. आम्ही दोघांनी एकदाही टाळी वाजवली नाही.

हरण्याचा आणि गाव सोडण्याचा संबंध किती तकलादू आहे, हे २०२१-२२ च्या हंगामाइतके दुसरीकडे कुठे क्वचितच दिसेल. त्या वर्षी हैदराबादने फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून विजेतेपद मिळवले; गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याने गोव्याच्याच मैदानावर तीन पेनल्टी अडवल्या. त्याच हंगामात कोलकात्याचा ईस्ट बंगाल वीस सामन्यांत अवघा एक सामना जिंकून अकरा संघांत शेवटचा आला, आणि त्याच्या आगेमागेच्या हंगामांतही तो नवव्या स्थानाच्या वर सरकला नव्हता. आता या दोहोंपैकी कोणता संघ गाव सोडून गेला? विजेता गेला. विजेतेपदानंतर दोनच वर्षांत पैशाच्या तंगीने हैदराबादची इतकी दैना झाली की २०२३-२४ मध्ये बावीस सामन्यांत त्यांना आठ गुण मिळाले. पुढे मालक बदलले आणि संघाने शहरही बदलले. १९२० साली स्थापन झालेला ईस्ट बंगाल गुंतवणूकदारांच्या कित्येक भानगडी सोसून आजही कोलकात्यातच आहे, कारण तो संघ कुणी शहरात आणून ठेवलेला नाही. तो तिथल्या लोकांतून उभा राहिला आहे. त्याच शहरात मोहन बागानच्या नावापुढे २०२० मध्ये ‘एटीके’ ही त्यात विलीन झालेल्या दुसऱ्या संघाची अक्षरे लागली, तेव्हा पाठीराख्यांनी तीन वर्षे धरणे, फलक आणि बहिष्कार यांचा असा ससेमिरा लावला की २०२३ मध्ये ती अक्षरे काढावी लागली. आपल्या शेजारी गोव्यात धेंपो क्लबने २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले, पण गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये तो खेळत राहिला आणि २०२४ मध्ये आय-लीगसाठी पुन्हा पात्र ठरला. राष्ट्रीय लीग सोडली, गाव सोडले नाही.

पुण्याच्या बाजूने बोलताना पुण्याचे दोष लपवण्याचे कारण नाही. बालेवाडीत रिकाम्या खुर्च्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. सामना पाहायचा तर ‘समोर कोण मोठा खेळाडू आहे’ हे आधी पाहायची आपली सवय आहे. २०२३ मध्ये मुंबई सिटीचा आशियाई चॅम्पियन्स लीगमधला सौदी अरेबियाच्या अल हिलालविरुद्धचा सामना आधी बालेवाडीत ठरला, तेव्हा नेमार येणार म्हणून आमच्या सोसायटीत ज्यांनी आयुष्यात फुटबॉलचा सामना पाहिला नव्हता त्यांनीही तिकिटांची चौकशी केली. नेमार गुडघ्याच्या दुखापतीने आलाच नाही आणि ती चौकशी जिथल्या तिथे थांबली. ही हौस झाली, निष्ठा नव्हे, हे मला मान्य आहे. पण निष्ठा काही तिकिटाबरोबर फुकट मिळत नाही. बापाने लेकराला नेले, लेकराने पुढे आपल्या लेकराला नेले, मधल्या काळात संघ दहा वेळा हरला, तरी मैदान तेच राहिले, तेव्हा कुठे ती रुजते. पाच हंगामांत ती पूर्ण उगवली नाही म्हणून शेत नापीक ठरवणे हे शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही पटणार नाही.

परदेशातल्या दोन उदाहरणांपैकी विम्बल्डनचे फुटबॉलप्रेमी वाचकांना परिचित असेल. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए चषक जिंकणाऱ्या या लंडनच्या क्लबला २००२ मध्ये मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी महिना-दोन महिन्यांत एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला, उघड्या माळावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि नवव्या पायरीपासून चढत २०११ मध्ये व्यावसायिक लीग गाठली. गोष्ट मोठी आहे, पण पुण्यात तसे घडेल अशी माझी अपेक्षा नाही; तिथे त्यामागे शंभर वर्षांची पुण्याई होती.

आपल्याला अधिक उपयोगी उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्याचे आहे. तिथल्या क्लीव्हलँड शहराचा ब्राउन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ मालकाने १९९५ मध्ये बाल्टिमोरला नेण्याचे जाहीर केले. शहराने भांडून एवढे पदरात पाडून घेतले की संघ गेला तरी ब्राउन्स हे नाव, जर्सीचे रंग आणि आजवरचे विक्रम शहरातच राहतील. १९९९ मध्ये त्याच नावाचा नवा संघ तिथे उभा राहिला. (हा नवा संघ २०१७ च्या हंगामात सोळाच्या सोळा सामने हरला, तेव्हा पाठीराख्यांनी कडाक्याच्या थंडीत स्टेडियमभोवती उपरोधाची मिरवणूक काढली. असे लोक असलेले शहर संघाला मुकण्याच्या लायकीचे नसते.) महत्त्वाचे पुढेच आहे. १९९६ मध्ये ओहायोने असा कायदा केला की करदात्यांच्या पैशाचा आधार असलेल्या मैदानावर खेळणारा संघ मालकाला अन्यत्र न्यायचा असेल, तर त्याने शहराची संमती घ्यावी, अन्यथा सहा महिन्यांची नोटीस द्यावी आणि त्या मुदतीत स्थानिक लोकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. पुढे कोलंबस क्रू हा आपल्या अर्थाने फुटबॉल खेळणारा संघ ऑस्टिनला नेण्याची भाषा २०१७ मध्ये मालकाने सुरू केली, तेव्हा राज्य आणि शहर याच कायद्याच्या आधारे न्यायालयात गेले, पाठीराख्यांनी मोहीम चालवली, स्थानिक खरेदीदार पुढे आले आणि संघ कोलंबसमध्येच राहिला. २०२० मध्ये तो अमेरिकेचा विजेताही झाला.

यातली मेख मैदानात आहे. संघ मालकाचा असतो. तो विकणे किंवा बंद करणे हा त्याचा हक्क आहे आणि त्यावर भावनेच्या भरात हरकत घेण्यात अर्थ नाही. पण बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल मालकाचे नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते सरकारी पैशातून उभे राहिले, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या वेळी पुन्हा सार्वजनिक पैशातूनच सजले. जो संघ आपल्या नावात ‘पुणे’ लावतो आणि जनतेच्या मैदानाला ‘आपले घर’ म्हणून तिकिटे विकतो, त्याला मैदान देताना जनतेने चार अटी घालणे गैर कसे?

म्हणून माझी सूचना अशी की, यापुढे बालेवाडी किंवा राज्याच्या मालकीचे अन्य कोणतेही क्रीडा संकुल व्यावसायिक लीगमधल्या संघाला घरचे मैदान म्हणून देताना करारातच लिहून घ्यावे: संघ बंद करण्यापूर्वी अथवा हलवण्यापूर्वी सहा महिने जाहीर नोटीस, त्या काळात महाराष्ट्रातील खरेदीदारांचा प्रस्ताव प्रथम विचारात घेण्याचे बंधन, शहराचे नाव, बोधचिन्ह आणि विक्रम शहराच्या हवाली, आणि संघाच्या अकादमीतल्या मुलांचा हंगाम पुरा होईपर्यंतच्या खर्चाची आगाऊ अनामत. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मोठे खेळाडू दुसरा करार मिळवतात, पण पंधरा वर्षांच्या मुलाचे वर्ष फुकट जाते आणि त्याच्या पालकांना ते कुणाकडे मागावे हेही समजत नाही.

अशा अटी घातल्या तर कुणी संघच काढणार नाही, असा आक्षेप येईल. त्याला माझे उत्तर एवढेच की, जो सहा महिने आधी सांगण्याच्या अटीलाच बिचकतो, तो किती वर्षे टिकणार होता हे आपल्याला आगाऊ कळेल, आणि तो न आल्याचे मला तरी दुःख होणार नाही.

क्रीडा खात्याने बालेवाडीच्या मैदानासाठी व्यावसायिक संघांशी आजवर केलेल्या करारांच्या अटी प्रसिद्ध कराव्यात, म्हणजे पुढचा करार होण्यापूर्वी त्यांवर बोलता येईल. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी उचलून धरावी, अशी विनंती आहे. माझी मुलगी आता कॉलेजात जाते. तिची नारिंगी जर्सी तिला केव्हाच तोकडी झाली, पण फरशी पुसायला म्हणून ती काढली की अजून माझ्या हातून ओढून घेते.

आपला,
औंध, पुणे येथील एक वाचक