शनिवारच्या बैठकीला नक्की या: शाळेत पूर्णवेळ समुपदेशक हवा

सर्व पालक सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता शाळेच्या सभागृहात आपल्या भागाचे आमदार आणि पुणे महापालिकेच्या शिक्षण विभागाचे अधिकारी पालकांना भेटणार आहेत. विषय: मुलांचं मानसिक आरोग्य आणि त्यासाठी शाळेला पैसा कुठून मिळणार.

आपल्याकडे समुपदेशक ताई आठवड्यातून एकदाच येतात. खेळाच्या खोलीत, लेझिमांच्या ढिगाशेजारी दोन खुर्च्या टाकून बसतात. दार नीट लागत नाही. गेल्या महिन्यात आठवीतली एक मुलगी दारापर्यंत आली आणि परत गेली, कारण बाहेर मैत्रिणी उभ्या होत्या. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

१०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. मग पगाराची तरतूद कोण करणार, महापालिका की राज्य? हे थेट विचारायचं आहे. रंगरंगोटी वर्षभर थांबली तरी चालेल, समुपदेशकाची नेमणूक नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडाही तीच समिती करते. त्यामुळे मागणी आराखड्यात लेखी घालूनच नेऊ.

प्रश्न शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका. कुणाच्याही मुलाचं नाव लिहू नका.

तोवर कुणाला गरज वाटली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.