भोंगा बंद करा, हाक नव्हे

संपादक साहेब,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकानं लिहिलं की आठवडी बाजारात खाण्याच्या गाड्यांचा कल्ला फार झाला, ग्रामपंचायतीनं सगळ्यांचंच ओरडणं बंद करावं, रेकॉर्डिंगचा भोंगा असो की तोंडची हाक. भोंग्याचं पटलं बाप्पा, पण हाकच बंद करा म्हणजे अतीच झालं.

हे भांडण आजचं नाही. लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळात, १८३९ च्या पोलीस कायद्यानं माल विकायला शिंग फुंकायची अन् वाद्यं वाजवायची बंदी केली होती, तरी मफिनवाला (कपकेक नाही, तव्यावरचा जाड मऊ पाव समजा) घंटी वाजवतच फिरायचा. हेन्री मेह्यू नावाचा पत्रकार फेरीवाल्यांना भेटून हे सगळं लिहून गेला, १८५१ च्या आसपास. त्यातले भाजलेल्या आलूवाले मला लय आवडले. पत्र्याचा डबा, खाली कोळसे, बाजूनं वाफेची नळी, अर्ध्या पेनीला एक आलू, वरून लोणी-मीठ. कोणी डबा पितळेनं मढवायचा, रंगीत काचेचे दिवे लावायचा, अन् पाटीवर काय कोरलेलं तर "ओरिजिनल"! शेगावात उतरून पहा, सगळे कचोरीवाले ओरिजिनलच.

अन् थंडीत लोक तो आलू आधी हात शेकायलाच घ्यायचे, मग खायचे. भाड्याच्या खोलीत कुठून आणणार रोज कोळसा. आपल्या इथं डिसेंबरात पहाटे एसटी स्टँडवर कापूस वेचायला निघालेल्या बाया तर्रीपोह्याची प्लेट दोन्ही हातांनी धरून उभ्या असतात ना, तसंच ते.

तिथला पोहेवाला तोंडानं हाक मारतो, "या भाऊ, झणझणीत आहे," अन् संपत आलं की तोच म्हणतो, "तर्री कमी पडंल, आधीच सांगतो." भोंगा असं काही सांगत नाही. गेल्या बाजारी साडेपाचला मी एक आलुबोंडा घेतला, पार गार, वातड, अन् डोक्यावर भोंग्यात पेनड्राइव्हवरचं रेकॉर्डिंग चालूच, गरम गरम गरम, गाडीवाला मोबाइलमध्ये मान घालून. म्हटलं भाऊ हा गार आहे, तर त्याला ऐकूच गेलं नाही, भोंग्यामुळं.

ठराव घ्यायचाच असंल तर भोंग्यापुरता घ्यावा.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ