रविवारच्या कास फेरीबाबत सूचना

सदस्यांना नमस्कार. कास पठारावर जाण्यासाठी रविवारी सकाळी सहा वाजता साताऱ्यात पोवई नाक्यावर जमायचे आहे. उशिरा येणाऱ्यांसाठी गाडी थांबणार नाही, कारण ऊन चढले की पक्षी गप्प होतात. प्रवेशाची नोंदणी झाली आहे.

एक कळकळीची विनंती. पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा आहे, त्यामुळे पायवाट सोडू नका. मागच्या वेळी फोटोसाठी आपल्यातलेच एक जण गुडघे टेकून बसले, उठले तेव्हा खाली गेंद या रानफुलाचे दहा-बारा गोंडे चिरडलेले होते. मला ते अजून डोळ्यांसमोर दिसते.

सीतेची आसवं वाकून नीट पाहा. जांभळी फुले नाजूक, पण मातीखालच्या बारीक पिशव्यांत ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडते. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंबही भिंगातून बघण्यासारखे आहेत. भिंग मी आणतो, दुर्बीण असेल त्यांनी आणावी. चंडोल गाऊ लागला तर जागीच थांबा.

मळकट रंगाचे कपडे घाला, रेनकोट आणि पाण्याची बाटली घ्या. फूल तोडायचे नाही, मुलांनाही निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत कळवावे.